पवनारचं शेवाळ आणि चिवड्यातले शेंगदाणे

वर्ध्याला गेलात तर काय काय पाहाल? सेवाग्रामची बापूकुटी पाहाल, मगनसंग्रहालय पाहाल, गीताई मंदिर आणि विश्वशांती स्तूप पाहाल. मग कुणीतरी म्हणेल, "अरे, पवनार राहिलं की!" आणि नागपूरच्या रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर जाऊन तुम्ही धाम नदीच्या काठी, विनोबांच्या आश्रमापाशी उतराल. हे सगळं पाहाच. पण आश्रम पाहून झाला की लगेच परत फिरू नका. खाली नदीच्या काळ्या खडकांवर उतरा. जपून हं, शेवाळ फार निसरडं असतं. कोरडासा एखादा खडक बघून त्यावर पालथे पडा आणि नाक पाण्याला लागेल इतकं वाकून खाली पाहा.

गेल्या डिसेंबरात आम्ही तेच केलं. आम्ही म्हणजे मी, नववीतली भाची आणि सातवीतला भाचा. दोघं मुंबईची. सकाळची वेळ होती, थंडी मी म्हणत होती आणि पाणी अगदी नितळ. बोटभर लांबीचे मासे खडकाला तोंड लावून टुक टुक टुक करत होते. खडकावर शेवाळाचा पातळ हिरवा थर होता आणि हे मासे तो खरवडून खात होते. थोडं पुढे जायचं, पुन्हा टुक टुक. मागे एक हिरवट दोरा लोंबकळत असायचा. तो तुटून वाहून जायचा. कशाचा दोरा ते तुमच्या लक्षात आलंच असेल!

"मामा, मालवणला अस्संच पाहिलं होतं," भाची म्हणाली. दोघं मे महिन्यात आईबाबांबरोबर मालवणला जाऊन आली होती. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे, आणि तिथे पाण्याखाली प्रवाळ आहेत. डोळ्यांना काचेचा मुखवटा लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे मासे पाहायचे, हा तिथला मोठाच आनंद. "तिथेपण मासे असेच दगडाला टोचत होते. पण तिथे समुद्र आणि इथे..."

इथे समुद्राचं नाव नको. वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. पण शेवाळ खाणाऱ्या माशापुढचा प्रश्न मालवणला तोच आणि पवनारलाही तोच. तो प्रश्न भाच्याने विचारला, "गाईला गवत पचवायला पोटात चार कप्पे लागतात, असं पुस्तकात आहे. एवढ्याशा माशाला हा हिरवा पाला पचतो कसा? आणि पचतो हे कळलं कुणाला? तो दोरा तर हिरवाच दिसतोय!"

खरं सांगतो, मला धड उत्तर देता येईना. मग आम्ही सरळ माझ्या चुलतभावाच्या शेतावर गेलो. तो जवळच, सेलूच्या बाजूला राहतो. मी त्याला दादा म्हणतो, मुलं मोठे मामा म्हणतात. दादाकडे एक गवळाऊ बैलजोडी आहे आणि एक शेततळं. म्हणजे प्रश्नाचे दोन्ही अर्धे भाग एकाच शेतात!

आधी बैल. गवळाऊ ही वर्धा जिल्ह्याची खास जात. आर्वी, कारंजा घाडगे या डोंगराळ भागात नंदगवळी समाजाने ती पिढ्यान् पिढ्या सांभाळली. हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्रही आहे. अंगाने पांढरे-राखाडी, सडपातळ, लांब तोंडाचे आणि पळायला वाऱ्यासारखे. शंकरपटात यांचा मान मोठा. मराठ्यांच्या फौजा सामान झटपट हलवायला हेच बैल वापरत, असं जुने लोक सांगतात. आणि खाणं काय? डोंगरातलं पवन्या, मारवेल, नाहीतर कुसळ, आणि घरी कडबा आणि कुटार.

आता गवताची गोम अशी, की त्याच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते. आत सगळा खाऊ, पण दाराला कुलूप! आणि या कुलपाची किल्ली बैलाकडे नाही, गाईकडे नाही, तुमच्या-माझ्याकडेही नाही. ती असते अगदी बारीक जिवांकडे. बैलाच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे शंभर लिटर किंवा त्याहून मोठी टाकीच असते. तिच्यात जिवाणूंच्या फौजा गवत आंबवत बसतात. बैल रवंथ करून त्यांना गवत बारीक करून देतो, ऊब देतो, आणि वेळ देतो. कडबा पोटातून पार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. एवढं करूनही कडब्याच्या शंभर भागांतले पन्नासच्या आसपासच पचतात. उरलेलं शेणात.

माशाकडे ना टाकी, ना ऊब, ना वेळ. पाणी जेवढं गरम तेवढाच मासा गरम. आणि अन्न काही तासांत पार!

हे मी मुलांना सांगत होतो, तेवढ्यात दादा म्हणाला, "हे मले आधी सांगतलं असतं त माह्ये मासे वाचले असते."

गोष्ट तशी वाईटच होती. शेततळ्यात त्याने रोहू, कटला आणि मृगळ सोडले होते. त्यांना खायला शेंगदाण्याची ढेप आणि भाताचा कोंडा द्यायचा. भाव वाढले. कोठ्यात बैलांसाठी सरकीची ढेप होतीच, टरफलासकटची. दादाने तीच तळ्यात टाकायला सुरुवात केली.

"मले वाटलं, बैल खाते त मासा काहून नाई खाणार? खाल्लीबी. पन खाल्लेलं सारं मांगून निंगून गेलं. सप्टेंबरात तीन दिवस आभाळ होतं. चौथ्या दिवशी सकाळी पाह्यतो त सारे मासे तोंड वर काढून हवा गिळून रायले. दुपारलोक अर्धं तळं पांढरं."

"कशानं मेले मोठे मामा?" भाच्याने हळूच विचारलं.

"काय सांगू बाबू? खाऊन खाऊन मेले!"

दादाचं म्हणणं गमतीचं वाटलं तरी बरंचसं खरं आहे. न पचलेली ढेप तळाशी बसली आणि सडली. सडताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. त्याच सडक्यातून शेवाळाला खत मिळालं, पाणी गर्द हिरवं झालं. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं खरं, पण रात्री तेही श्वास घेतंच. आभाळ असलं की दिवसाची कमाई थोडी आणि रात्रीचा खर्च तेवढाच. म्हणून पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी, पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे पाण्यातच गुदमरले. (सरकीत गॉसिपॉल नावाचं एक त्रासदायक द्रव्यही असतं, पण त्याची गोष्ट वेगळी.)

मुलं गप्प झाली. मग भाची म्हणाली, "पण मग मासा काय पचवू शकतो आणि काय नाही, हे आधी कळायला नको?"

वहिनी तेव्हा स्वयंपाकाला मासे साफ करत होती. एक रोहू, आणि नाल्याच्या पाण्याबरोबर तळ्यात आपोआप शिरलेली एक मरळ. "टाकू नका मामी!" असं ओरडत दोघं धावली. आतडी एका ताटात घेऊन, पाणी ओतत ओतत, गुंता हळूहळू सोडवत त्यांनी ती अंगणातल्या फरशीवर लांब केली. मरळ दुसऱ्या माशांवर जगते. तिची लांबी चाळीस सेंटिमीटर, आतडं जेमतेम पंचवीस. आणि रोहू? अंग पंचेचाळीस सेंटिमीटरचं, आणि आतडं साडेचार मीटर! फरशी संपली, उंबरा आला, तरी आतडं चालूच. वहिनी म्हणाली, "आता घरात घेऊन नका येऊ जी!"

भाचा पुस्तक घेऊन बसल्यासारखा म्हणाला, "जठर कुठाय?" शोधशोध शोधलं. मिळालं नाही, कारण रोहूला जठर नसतंच. रोहू, कटला, मृगळ, पवनारच्या खडकांवरचे बहुतेक चिमुकले, या सगळ्या कार्प कुळातल्या माशांना जठर नाही आणि जबड्यात दातही नाहीत. दात असतात घशात! शेवाळ घशातल्या दातांनी चिरडायचं, आणि मग लांबच लांब आतड्यातून हळूहळू नेत जेवढं मिळेल तेवढं काढून घ्यायचं. बैलाची किल्ली नाही, तर दार जमेल तसं फोडायचं. जी पेशी फुटली ती पचली. जी फुटली नाही ती मागून बाहेर. काही प्रकारच्या शेवाळांभोवती चिकट आवरण असतं. ती माशाच्या पोटातून सगळी सहल करून जिवंत बाहेर येतात आणि पुन्हा वाढू लागतात. म्हणून भाच्याची शंका बरोबर होती. खाल्लं आणि पचलं, यात फरक आहे.

आता मुख्य प्रश्न. किती पचलं ते मोजायचं कसं?

बैलाचं सोपं आहे. सोपं म्हणजे कष्टाचं, पण समजायला सोपं. बैल ठाणावर बांधायचा. काही दिवस एकच चारा देऊन सवय होऊ द्यायची. मग आठवडाभर रोज किती चारा टाकला, किती उष्टा राहिला आणि किती शेण पडलं ते तोलायचं. सगळं आधी वाळवून तोलायचं, नाहीतर पाण्याच्या वजनाने हिशोब बिघडतो. शंभर किलो कोरडा चारा पोटात गेला, पन्नास किलो कोरडं शेण आलं, तर पन्नास पचलं. याला म्हणतात पचनीयता.

"मग माशाचंही तसंच करा," भाचा म्हणाला.

कसं करणार? ढेप पाण्यात पडली की काही विरघळते, काही तळाशी बसते. किती खाल्ली कोण सांगणार? आणि तो हिरवा दोरा! तो तर डोळ्यांदेखत तुटून वाहून जातो. सगळा गोळा करणं अशक्यच.

इथे शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली आहे. ती मला फार आवडते. समजा, ताईने एक वाडगा चिवडा केला. मोजून शंभर तुकडे, त्यांत दहा शेंगदाणे. तुमचा एक मित्र आहे, त्याला शेंगदाणे मुळीच आवडत नाहीत. तो पोहे खातो, दाणे तसेच ठेवतो. थोड्या वेळाने तुम्ही येता. वाडगा कुणी पाहिलेला नाही, किती खाल्लं माहीत नाही. तुम्ही नुसती एक मूठ उचलता आणि मोजता. आता शंभरात पंचवीस दाणे पडतात. दाण्यांची संख्या तर वाढलेली नाही, दहाच आहेत. दहा दाणे म्हणजे पंचवीस टक्के, तर वाडग्यात आता एकूण चाळीसच तुकडे उरलेत. म्हणजे साठ फस्त! पूर्ण वाडगा न पाहता, नुसत्या एका मुठीवरून!

माशाच्या खाद्यात असाच न पचणारा 'शेंगदाणा' मिसळतात. बहुतेक वेळा क्रोमिक ऑक्साइड नावाची हिरवी पूड, शंभर भागांत अर्धा ते एक भाग. मासा ती पचवत नाही, शोषत नाही, जशीच्या तशी बाहेर टाकतो. मग विष्ठेची चिमूट घ्यायची, वाळवायची आणि त्यात पूड किती ते तपासायचं. खाद्यात एक टक्का होती आणि विष्ठेत अडीच टक्के झाली, तर साठ टक्के खाद्य पचलं. चिवड्याचाच हिशोब. याच पद्धतीने प्रथिनं किती पचली, स्निग्ध पदार्थ किती, हेही वेगळं काढता येतं. कधी पूड न घालता खाद्यातली मुळातलीच वाळू धरतात. विष्ठा जाळून राख करायची, राख आम्लात उकळायची, जे विरघळत नाही ते मोजायचं. आणि विष्ठा फुटून जाऊ नये म्हणून टाकीचा तळ नरसाळ्यासारखा निमुळता करतात. ती घरंगळत खालच्या नळीत जमते, तिथून चटकन काढून घेतात. उशीर झाला तर तिच्यातलं काही विरघळून जातं, आणि वाटतं, वा, काय मस्त पचलं! खोटाच आनंद.

हे सगळं ऐकून दादा म्हणाला, "म्हन्जे एका चिमटीत समजलं असतं?" बराच वेळ तो तळ्याकडे बघत राहिला.

भाचीचं डोकं मात्र मालवणला पोचलं होतं. "समुद्रातल्या माशांना कोण पूड घालणार? ते तर खडकावरचंच खातात."

अगदी नेमकी अडचण! तिथे शेवाळातली वाळू-राख धरावी, तर मासा शेवाळ खरवडताना प्रवाळाचा चुराही गिळतो. तो चुरा चुनखडीचा. काही माशांच्या पोटात कडक आम्ल असतं, त्यात चुनखडी विरघळते. म्हणजे आपला मित्र गुपचूप शेंगदाणेही खातोय! हिशोब संपला. शिवाय मासा कोवळे कोवळे शेंडे निवडून खातो आणि शास्त्रज्ञ मात्र सगळा खडक खरवडून 'हे याचं जेवण' म्हणून तपासतो. जेवण चुकीचं धरलं की पचनाचं उत्तरही चुकीचं. म्हणून प्रवाळावरच्या माशांबद्दलचे आकडे वाचताना मी तरी आधी पाहतो, की यांनी शेंगदाणा कोणता धरला होता?

पण त्या माशांच्या युक्त्या ऐकण्यासारख्या आहेत. लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळखडकांवर पोपट मासा असतो. त्याचं तोंड खरोखर पोपटाच्या चोचीसारखं. तो दगडासकट चावा घेतो आणि घशातल्या जात्यात सगळं दळतो. आपल्या रोहूसारखंच त्यालाही जठर नाही. दळलेली वाळू मागून बाहेर! मालदीवमधल्या एका बेटाभोवती मोजलं, तर तिथे तयार होणाऱ्या वाळूतली बहुतेक वाळू पोपट माशांनी दळलेली निघाली. कोकणात बोय नावाचा मासा मिळतो ना, त्याचं जठर कोंबडीच्या पेटीसारखं जाड असतं. तो वाळू गिळून तिच्याशी शेवाळ रगडतो. काही मासे तर आतड्याच्या शेवटच्या भागात जिवाणू पाळतात आणि तपकिरी समुद्रशेवाळ आंबवतात. गवळाऊ बैलाचे पाण्यातले भाऊबंदच म्हणा! सर्जन मासा नावाच्या माशाच्या आतड्यात १९८५ साली तांबड्या समुद्रात एक जीव सापडला. इतका मोठा, की नुसत्या डोळ्यांनी ठिपका दिसावा. तो जिवाणू आहे यावर कुणाचा विश्वास बसेना. १९९३ साली सिद्ध झालं, की जिवाणूच!

आणि आम्लाची युक्ती सगळ्यात छान कळली ती समुद्रात नाही, आफ्रिकेतल्या युगांडाच्या जॉर्ज नावाच्या तलावात. तिथला तिलापिया, ज्याला उजनी धरणाकडे चिलापी म्हणतात त्याचा भाऊ, निळंहिरवं शेवाळ खातो. मोरियार्टी नावाच्या शास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं, की त्याच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र होतं, की शेवाळाच्या पेशी त्यातच फुटतात. पण रात्री मासा खात नाही, तेव्हा आम्लही नसतं. सकाळी पहिला घास जातो तेव्हा आम्ल अजून पुरेसं सुटलेलं नसतं, म्हणून पहिली विष्ठा हिरवीगार, न पचलेली! जसजसा दिवस चढतो, तसतशी ती तपकिरी होत जाते. दिवसभराची सरासरी काढली तर खाल्लेल्या शंभर भाग कार्बनपैकी त्रेचाळीस भाग अंगी लागत होते. म्हणजे एकाच माशाची पचनीयता सकाळी वेगळी आणि दुपारी वेगळी.

"या माशांनी शेवाळ खाल्लं नाही तर काय होईल?" भाच्याने विचारलं. ते जमैकात दिसलं आहे. तिथे पोपट माशांची बेसुमार मासेमारी झाली होती. शेवाळ खाणारे समुद्री साळू तेवढे उरले होते, ते १९८३ साली साथीने मेले. त्यापूर्वी १९८० मध्ये मोठं वादळही होऊन गेलं होतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या खडकांचा निम्म्याहून जास्त भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्केसुद्धा उरला नाही. बाकी सगळं शेवाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत पवनारला गेलो, कारण भाचीने रात्रीत एक प्रयोग ठरवला होता. एका बाटलीत उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं. वाहून जाणारा हिरवा दोरा चमच्याने अलगद उचलायचा, बाटलीत सोडायचा आणि बाटली खिडकीत उन्हात ठेवायची. पाणी हिरवं झालं, तर शेवाळ पोटातून जिवंत बाहेर आलं! मी म्हटलं, "आणि चमच्याबरोबर नदीचं पाणी येईल त्याचं काय?" तिने कपाळावर आठ्या घातल्या आणि दुसरी बाटली काढली. हिच्यात नुसतं नदीचं पाणी, एकच चमचा. थंडीत हात बधिर झाले, तीन दोरे निसटले, चौथा मिळाला. दोन्ही बाटल्या मोज्यांत गुंडाळून रेल्वेने मुंबईला गेल्या.

तीन आठवड्यांनी फोन आला. "मामा, बाटली हिरवी झाली!"

"आणि दुसरी?"

पलीकडे जरा शांतता. मग बारीक आवाज आला, "तीपण झाली. पण चार दिवस उशिरा."

मे महिन्यात पुन्हा येतेय. या वेळी दोरा आधी तीनदा धुऊन घेणार आहे म्हणते. दादानेही बाटल्या धुऊन ठेवल्यात, आणि शेततळ्यातल्या रोहूंसाठी त्याला आता चिमूटभर हिरवी पूड हवी आहे.